गुलमर्गला स्कीइंगला जायचंय, पण राहायचं कसं? मराठवाड्यातून नेहमी येणारे प्रश्न

परभणीहून गुलमर्गला आम्ही चार हिवाळे जाऊन आलोय, त्यामुळं दिवाळी संपली की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न सुरू होतात. नांदेडच्या मैत्रिणी, लातूरच्या नणंदबाई, संभाजीनगरचे ह्यांचे मित्र, सगळ्यांना एकच काळजी की एवढ्या बर्फात राहायचं कसं. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथं एकदाच लिहून ठेवतेय. स्कीइंग दिवसातून चार-पाच तास होतं, बाकीचे वीस तास आपण हॉटेलात असतो, म्हणून माझा सगळा भर हॉटेलवर आहे.

आम्ही आयुष्यात कधी बर्फ पाहिला नाही, स्कीइंग जमेल का?

जमतं. आम्ही पण परभणीच्या उन्हातलेच, मुलांना बर्फ म्हणजे फ्रीजरमधला एवढंच माहीत होतं. गुलमर्गला गोल्फ मैदानाच्या बाजूला सपाट उतार आहेत, तिथं नवशिक्यांना शिकवतात. पहिले दोन तास फक्त बूट घालून चालणं, पडणं आणि पडल्यावर उठणं. मग पायाला बांधलेल्या स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून, पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार करून थांबायचं शिकवतात, आमचा ट्रेनर मुलांना लांबून "पिझ्झा, पिझ्झा" असं ओरडायचा आणि मुलं बरोबर पाय तसे करायची. तिसऱ्या दिवशी माझा मुलगा एकटा खाली आला. मोठ्यांना वेळ लागतो कारण आपण पडायला घाबरतो. नीट कोर्सच करायचा असेल तर तिथं केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, पण त्यांच्या कोर्सला दिवस जास्त लागतात, चार दिवसांच्या ट्रिपला खाजगी ट्रेनर बरा. तो कसा ठरवायचा ते खाली वेगळं लिहिलंय.

कधी जावं? डिसेंबरमध्ये नाताळच्या सुट्ट्या असतात, तेव्हा चालेल का?

चालेल, पण बर्फाची खात्री नाही आणि खोल्यांचे भाव सगळ्यात जास्त तेव्हाच. तिकडं २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान असतं, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ, खरा बर्फ त्यातच साठतो. माझ्या मते जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी अखेर हा काळ स्कीइंगला चांगला. इकडं तेव्हा हुरड्याचे दिवस असतात, लग्नं असतात, मला माहितेय, पण एक आठवडा काढा. आणि एक लक्षात घ्या, अलीकडं बर्फाचा भरवसा कमी झालाय, जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून बुकिंग करताना रद्द करण्याची अट बघाच, त्याचा प्रश्न खाली आहे.

परभणी-नांदेडहून जायचा सोपा रस्ता कोणता?

आम्ही सचखंड एक्सप्रेसनं दिल्लीला जातो. नांदेडहून सकाळी निघते, परभणी, जालना, संभाजीनगर करत दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली, तिथून विमानानं श्रीनगर. ज्यांना रेल्वे नको त्यांनी संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून दिल्लीचं विमान धरावं. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत पण सुरू झालीय, चिनाब नदीवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून जाते, वैष्णोदेवीचं दर्शन जोडून घ्यायचं असेल तर हा रस्ता उत्तम. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. खरी परीक्षा शेवटच्या १३ किलोमीटरची, टनमर्ग ते गुलमर्ग. बर्फ पडला की टायरला चेन असलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच वर सोडतात, श्रीनगरची तुमची गाडी टनमर्गला थांबते आणि तिथून दुसरी करावी लागते. हॉटेलवाल्याला आधीच सांगितलं तर तो टनमर्गला माणूस आणि गाडी पाठवतो, घासाघीस वाचते.

हॉटेल बुक करताना नेमकं काय विचारायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि ह्याचं उत्तर मी चूक करून शिकलेय, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या वर्षी आम्ही फोटो बघून हॉटेल घेतलं. खोली झकास, लाकडी भिंती, भिंतीला हीटर लावलेला. रात्री अकराला लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, बल्ब लागले, पण हीटर काही लागेना. रिसेप्शनवर विचारलं तर म्हणाले जनरेटरवर हीटर चालत नाही. रात्रभर मुलं जॅकेट घालून, वर दोन ब्लँकेट घेऊन झोपली, मी आणि हे आळीपाळीनं त्यांचे पाय चोळत बसलो. सकाळी खिडकीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीत बर्फाचे काटे तयार झाले होते. जानेवारीत रात्री उणे आठ-दहापर्यंत पारा जातो, आपल्याकडं परभणीत ५-६ झालं तरी आपण शेकोटी करतो.

तेव्हापासून मी फोनवर हेच विचारते: लाइट गेल्यावर खोली गरम कशी राहते? सेंट्रल हीटिंग आहे का, असेल तर रात्रभर चालू असतं का ठरावीक वेळ? इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का? म्हणजे गादीवर घालायची गरम चादर, झोपायच्या अर्धा तास आधी लावायची आणि आत शिरल्यावर बंद करायची, आपल्या वाकळीची ऊब अंगाखालून आल्यासारखी वाटते. बूट वाळवायला जागा आहे का? उतारापर्यंत चालत किती वेळ लागतो, मीटर नका विचारू, स्कीचे बूट घालून किती मिनिटं ते विचारा.

आणि हे सगळं विचारताना समोरचा माणूस कसा बोलतोय ते ऐका. दुसऱ्या वर्षी मी सात-आठ ठिकाणी फोन केले, बाकी सगळ्यांनी आधी भाव सांगितला, एका ठिकाणच्या चाचांनी आधी विचारलं मुलं किती वर्षांची आहेत, सोबत कुणी वयस्कर आहे का, कुणाला दम्याचा किंवा बीपीचा त्रास आहे का, म्हणजे त्या हिशोबानं खालच्या मजल्यावरची खोली ठेवतो. मी तिथंच बुकिंग केलं. पोचलो तर दारातच गरम कहवा हातात दिला, सामान त्यांनीच उचललं, आणि मुलांचे ओले मोजे न सांगता काढून शेगडीजवळ दोरीवर टाकले. तेव्हापासून आम्ही दुसरीकडं गेलोच नाही. हॉटेलला चांदण्या (स्टार) किती आहेत ह्यापेक्षा हे बघा.

खोलीत बुखारी किंवा कांगडी मिळते म्हणे, रात्री ठेवली तर चालते का?

झोपताना नको. अजिबात नको. बुखारी म्हणजे लाकडाची लोखंडी शेगडी, तिला धूर बाहेर न्यायला नळकांडं असतं, कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत मातीचं भांडं आणि त्यात कोळशाचे निखारे, काश्मिरी लोक ती फेरनच्या, म्हणजे त्यांच्या लांब सैल झग्याच्या, आत धरतात. दोन्हीतून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो, त्याला ना वास ना रंग, डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. बंद खोलीत अशी माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. गॅसच्या हीटरचं पण तेच. संध्याकाळी बुखारीजवळ बसा, शेंगा भाजून खा, गप्पा मारा, पण झोपताना निखारे बाहेर, आणि कुठलीही जळणारी गोष्ट आत असेल तोवर खिडकीची फट उघडी. थंडी वाजली तर इलेक्ट्रिक ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी घ्या. मुलांना डोकेदुखी, मळमळ होत असेल तर आधी खोलीतून बाहेर मोकळ्या हवेत न्या, मग बाकीचं.

सीपी, एमएपी असं लिहिलेलं असतं, काय घ्यावं?

ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे सोबत नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं. गुलमर्गला एमएपीच घ्या. संध्याकाळी अंधार लवकर पडतो, बर्फातून जेवायला बाहेर जाणं मुलाबाळांना घेऊन होत नाही. दुपारी तुम्ही उतारावर असता, तिथं मॅगी, राजमा-चावल मिळतं. भाव विचारताना जीएसटी धरून विचारा, २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, उपाशी राहावं लागेल का?

नाही हो. मटण तिकडचं नावाजलेलं आहे, वाझवान म्हणतात त्यात एकामागून एक मटणाचे पदार्थ येतात, पण शाकाहारी लोकांचं पण नीट होतं. दम आलू, राजमा, पनीर, आणि हाक नावाची पालेभाजी, साधी, मोहरीच्या तेलात, हिरवी मिरची घालून, भातावर घ्यायची. वेगळ्या भांड्यात करा म्हणून बुकिंगच्या वेळीच सांगा, आयत्या वेळी सांगू नका.

आमच्या सासूबाईंना भाताचा कंटाळा आला तिसऱ्या दिवशी. मी परभणीहून दोन किलो ज्वारीचं पीठ नेलं होतं, चाचांना विचारलं तर म्हणाले किचन तुमचंच आहे. नळाचं पाणी हाडं गोठवणारं, म्हणून उकळत्या पाण्यातच पीठ भिजवलं. सासूबाई खाली बसून भाकरी थापायला लागल्या तसं किचनमधलं सगळं काम थांबलं, हातावर फिरवत फिरवत भाकरी मोठी होत गेली तसे ते पोरगे बघतच राहिले, पहिली भाकरी तव्यावर फुगली तेव्हा एकानं टाळी वाजवली. मग चाचांनी ती गरम भाकरी हाकसोबत खाल्ली, वर आमची शेंगदाण्याची चटणी घेतली आणि म्हणाले पुढच्या वर्षी पीठ जास्त आणा. आता नेतो, पाच किलो. धपाटे करून नेले तरी तीन-चार दिवस छान टिकतात, थंडीच एवढी असते.

नून चाय मागवाल तर ती गुलाबी आणि खारी असते, मुलांना आधी सांगून ठेवा. दूधसाखरेचा आपला चहा 'लिप्टन चाय' म्हटलं की मिळतो.

भाषेची अडचण येते का?

काहीच नाही, हिंदी-उर्दू सगळ्यांना येते, आणि आपल्या मराठवाड्याच्या माणसाला तर उलट सोपं जातं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, जुन्या लोकांची शाळा उर्दूत झाली, घराघरात ते शब्द राहिलेत. आमचे मामा नांदेडचे, दखनी ऐकतच मोठे झालेले, त्यांनी चाचांना "हौ", "नक्को" असं बोलायला सुरुवात केली, चाचांना ते इतकं आवडलं की ते पण मामांना "नक्को जी" म्हणायला लागले. दोघं रोज रात्री बुखारीजवळ तासभर बसायचे.

सासूबाई साडीच नेसतात आणि गुडघे दुखतात, त्यांना न्यावं का?

न्या, फक्त त्यांच्यासाठी हॉटेल नीट निवडा. खालच्या मजल्यावरची खोली, कमोड, आणि खिडकीतून उतार दिसेल अशी बसायची जागा, एवढं असलं की त्यांचा दिवस मजेत जातो. साडीच्या आत थर्मल लेगिंग आणि लोकरीचे मोजे, वरून फेरन, आमच्या आईंनी तर फेरन तिथंच विकत घेतला आणि आता परभणीला पण थंडीत घालतात. बाहेर पडताना गमबूट, ते टनमर्गला किंवा हॉटेलात भाड्यानं मिळतात. चालायला काठी आणि एक माणूस हाताला, कारण पायवाटेवर दाबलेला बर्फ काचेसारखा घसरडा असतो. गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचं, त्यांच्यासाठी काय करायचं ते खाली गोंडोलाच्या प्रश्नात.

कपडे आणि बूट काय विकत घ्यायचं आणि काय भाड्यानं?

स्की, बूट, काठ्या, हेल्मेट सगळं तिथं भाड्यानं. इथून न्यायचं ते थर्मलचे दोन जोड, फ्लीसचं जॅकेट, वॉटरप्रूफ पँट, वॉटरप्रूफ हातमोजे, कानटोपी आणि गॉगल. गॉगलमध्ये कंजुषी करू नका, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, दिवसभर उघड्या डोळ्यांनी राहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. सनस्क्रीन नाकाच्या खालून आणि हनुवटीखाली पण लावा.

मोज्यांचं सगळे चुकतात. थंडी आहे म्हणून दोन-तीन मोजे घालतात, मग बूट आवळून बसतो, रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. एकच मोजा, लांब, लोकरीचा, सुरकुती न पडता ओढलेला, आणि थर्मल पँट बुटाच्या आत कोंबायची नाही. संध्याकाळी बूट ओले होतातच, ते बुखारीला टेकवून ठेवू नका, प्लास्टिक वाकतं. आतलं अस्तर काढून उबदार खोलीत ठेवायचं. म्हणून मी वर वाळवायच्या जागेचं विचारायला सांगितलं.

आंघोळीला गरम पाणी मिळतं का?

मिळतं, पण चोवीस तास म्हणाले तरी खरी वेळ विचारा. पाइप गोठू नयेत म्हणून रात्री नळ बारीक चालू ठेवतात, तो बंद करू नका. गीझर गोठला तर बादलीनं पाणी आणून देतात, आपल्या बंबाच्या पाण्यासारखं कडकडीत.

गोंडोलानं वरपर्यंत जावं का? बीपी आहे, मुलं लहान आहेत.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, तो १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा २००५ मध्ये, अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ४,००० मीटर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६० टक्केच असतो, दम लागतो, डोकं दुखतं. पहिल्या टप्प्यावर बहुतेक सगळे जाऊ शकतात, दुसऱ्यावर बीपी, हृदय, दम्याचे लोक आणि अगदी लहान मुलं नकोत, आपल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. पोचलेल्या दिवशीच वर जाऊ नका, एक रात्र हॉटेलात झोपा, पाणी भरपूर प्या, मग जा. तिकीट ऑनलाइनच काढायचं, गर्दीच्या दिवसांत लवकर संपतं, आणि वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवतात.

दुसऱ्या टप्प्यावरून स्की करत खाली यायचं धाडस नवशिक्यांनी करू नये. आखलेल्या भागाबाहेर हिमस्खलन होतं, फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतला पोलंडचे दोन स्कीअर त्यात गेले, ते तर सराईत होते.

हॉटेलवाला म्हणतो माझाच ट्रेनर आणि माझंच सामान घ्या. घ्यावं का?

हे जरा नाजूक आहे. चांगल्या हॉटेलवाल्याचा माणूस असेल तर फायदाच, कारण काही झालं तर जबाबदारी घेणारं कुणीतरी असतं. पण बघून घ्या. ट्रेनरकडं नोंदणीचं कार्ड आहे का, दर तासाचा का दिवसाचा, एका ट्रेनरकडं किती जण, हे आदल्या रात्री ठरवा. सामानात एकच गोष्ट स्वतः तपासा, पडल्यावर बूट स्कीतून सुटतो का. बूट स्कीला धरून ठेवणारी बांधणी (बाइंडिंग) आपल्या वजनाप्रमाणं लावलेली पाहिजे, फार घट्ट असली तर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळतो. वजन खरं सांगा. पहिल्या वर्षी ह्यांना दिलेली जोडी सुटतच नव्हती, ट्रेनरनं स्क्रू सैल करून दिला तेव्हा मी निश्चिंत झाले. ट्रेनर पटला नाही तर हॉटेलवाल्याला शांतपणे सांगा, खरा आपुलकीचा असेल तर तो रुसत नाही, दुसरा बघून देतो. विमा काढला असेल तर त्यात स्कीइंग धरलंय का तेही वाचा, बऱ्याच पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात.

फोन लागतो का, पैसे कसे न्यावे?

आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या. थंडीत बॅटरी झरझर उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. रोख सोबत असू द्या, नेटवर्क गेलं की ऑनलाइन पेमेंट होत नाही.

गुलमर्गऐवजी उत्तराखंडमधलं औली चालेल का?

चालेल, शिकायला औलीचे उतार छान आहेत आणि समोर नंदादेवी दिसते. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यानंतर बंद केला, म्हणून रस्त्यानं जायची तयारी ठेवा. हॉटेलं कमी आहेत, हीटिंगचे प्रश्न वरचेच.

बर्फ पडलाच नाही तर पैसे परत मिळतात का?

बहुतेक ठिकाणी नाही, कारण खोली तर तयार असते. पण तारीख पुढं ढकलून देतात, ते आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तोंडी नको. मी पूर्ण पैसे कधीच भरत नाही, एका रात्रीचे भरते. जो सगळे आगाऊ मागतो त्याला सोडून देते.

आणि उलट झालं, एवढा बर्फ पडला की खालीच येता आलं नाही, तर?

तिसऱ्या वर्षी आमचं झालं असं. सामान बांधून बसलो आणि टनमर्गचा रस्ता बंद. पुढचे पाहुणे पण वर येऊ शकत नव्हते, म्हणून खोली रिकामीच राहणार होती, चाचांनी दोन दिवसांचं फक्त जेवणाचं बिल घेतलं. सगळेच असं करतील असं नाही, बरेच जण पूर्ण भाडं लावतात, म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारा की रस्ता बंद झाला तर राहायचा दर काय. औषधं तीन दिवसांची जास्त न्या, लहान मुलांची दुधाची पावडर पण. रस्ता उघडला की पहिल्या गाड्यांत जागा पाहिजे म्हणून सकाळी सातलाच तयार राहा. आणि श्रीनगरचं विमान आणि दिल्लीहून परतीची सचखंड ह्यांच्यामध्ये एक मोकळा दिवस ठेवाच, आमचं त्या वर्षीचं रिझर्व्हेशन गेलं आणि पाच माणसांना जनरलच्या डब्यात परभणीपर्यंत बसून यावं लागलं.